देवकोट्टैच्या आच्चीची फरशी

आत्तंगुडी गावात वेल्लैसामीच्या हाताला मान होता आणि त्याच्या घरातल्या जमिनीला खड्डे होते. दोन्ही गोष्टी साऱ्या गावाला ठाऊक होत्या, आणि दोन्हींबद्दल लोक सारख्याच आवडीने बोलायचे.

मानाचं सांगायचं तर, काचेवर साचा ठेवून त्याच्या खणाखणांत रंगीत सिमेंट ओतावं ते वेल्लैसामीनेच. साचा उचलला की तांबड्याचा ओघळ पिवळ्यात नाही आणि पिवळ्याचा हिरव्यात नाही. मग वर कोरडी भुकटी, तिच्यावर वाळू-सिमेंटचा ओला थर, आणि लादी पालथीच्या पालथी वाळायला. नक्षी खाली, काचेच्या अंगाला. टाकीतल्या पाण्यात मुरून, पुन्हा उन्हात वाळून काच सुटेपर्यंत करणाऱ्यालाही तिचं तोंड दिसत नाही. दुसऱ्यांच्या लाद्या सुलट्या झाल्या की लोक आधी चुका शोधायचे. वेल्लैसामीची लादी सुलटी झाली की पाय पडेल म्हणून मागे सरकायचे.

खड्ड्यांचं सांगायचं तर, ते त्याच्या बायकोने सांगावं. पेच्ची लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याने छाती फुगवून शब्द दिला होता, "येत्या पोंगलला आपल्या घरात फरशी." पोंगल बिचारा दरवर्षी वेळेवर आला. फरशीच्या आड मात्र कधी कुणा चेट्टियार व्यापाऱ्याचा बंगला आला, कधी देवळाचा मंडप, कधी परदेशातल्या कुणाच्या बैठकीची खोली. "घरचंच तर आहे, कधीही करू," असं वेल्लैसामी म्हणायचा. पेच्ची त्याच्याच कारखान्यात ओल्या लाद्या उचलून टाकीत ठेवायचं काम करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या लाद्यांवरची कमळं उचलायची आणि घरी येऊन फुटक्या सिमेंटवर ताट मांडायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो झाडायचं काम तिच्याकडे होतं.

तरी तिने निभावून नेलं असतं. पण लेकीला दिवस राहिले आणि विहीणबाई आल्या. तेनमोळीला सातव्या महिन्यात बांगड्या भरायच्या, मग बाळंतपणाला माहेरी आणायचं, त्याचा दिवस ठरवायला रासात्ती सुनेला घेऊन आली होती. चांगलं जरीचं नेसून आलेली. पेच्चीने चटई अंथरली, तर रासात्तीने चटईखालचा खड्डा पायाच्या अंगठ्याने चाचपून पाहिला, पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, घडी उलगडून चटईवर पसरलं आणि मगच बसली.

"फरशीवाल्यांचंच घर ना हे?" ती हसत म्हणाली. "नाही, मला वाटलं पत्ता चुकला."

पेच्चीही हसली. काय करणार! पण तेनमोळी मान खाली घालून बांगडी फिरवत बसली, ते पेच्चीच्या काळजाला लागलं. उद्या हीच पोर इथे बाळंत होणार, मग ते मूल याच जमिनीवर रांगणार, आणि रासात्ती दर खेपेला त्याचे गुडघे तपासणार.

त्या दिवशी जेवताना तिने विषय काढला. वेल्लैसामीने भातावर आणखी कुळंबूची आमटी ओढून घेतली आणि म्हणाला, "करू की. हातातल्या एवढ्या ऑर्डरी संपू देत."

ऑर्डरी संपणार नव्हत्या. ते काय पेच्चीला कळत नव्हतं?

वेल्लैसामीच्या कारखान्यात त्याच्या बापापासूनची एक रीत होती. गिऱ्हाइकाकडून ताटात विडा, नारळ आणि थोडी आगाऊ रक्कम आली आणि ती त्याने दोन्ही हातांनी घेतली, की ऑर्डर लागली. मग मध्ये कुणी राजा आला तरी त्याचा नंबर मागे. बायकोही नवऱ्याला विडा देतेच, पण तो जेवणानंतर, आणि त्याने ऑर्डर लागत नाही. पेच्चीने यावर बराच विचार केला आणि शेवटी धाकट्या भावाला गाठलं.

पांडी छोटा हत्ती चालवायचा. आत्तंगुडीच्या लाद्या गावोगाव पोचवायचं काम त्याच्याकडे होतं आणि भित्रेपणात त्याचा हात कुणी धरला नसता.

"अक्का, मच्चानला कळलं तर ते माझी गाडी टाकीत बुडवतील," तो म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला तो मच्चान म्हणायचा.

"तुझी गाडी तशीही पाण्यावरच चालते. दर चार मैलांवर पाणी मागते."

"आणि गिऱ्हाईक कोण म्हणून सांगू?"

"देवकोट्टैची एक आच्ची म्हण, चेट्टियारांच्या घरची. म्हातारी आहे, चेन्नईत लेकाकडे राहते, फोनवर बोलत नाही."

"का बोलत नाही?"

"अरे, ऐकू येत नाही म्हण! एवढं मीच सांगायचं तर तुला पाठवू कशाला?"

पेच्चीने शेळीची पिल्लं विकली होती, त्यातून आगाऊ रक्कम झाली. नारळ घरचाच. दुसऱ्या दिवशी पांडी ताट घेऊन कारखान्यात शिरला तेव्हा पेच्ची टाकीपाशी पाठ करून उभी होती, पण तिचे कान मात्र मागे होते.

"मोठं घर आहे का आच्चीचं?" वेल्लैसामीने विचारलं.

"मोठं... म्हणजे एकच खोली करायचीय, मच्चान. खोली लहान. आच्ची मोठी."

वेल्लैसामीने हात धुतले, पंच्याला पुसले आणि दोन्ही हातांनी ताट घेतलं. पेच्चीच्या हातातली लादी निसटता निसटता राहिली.

आता कुठली लादी, हे ठरवायचं होतं, आणि इथेच पेच्चीला स्वतःचीच ओळख नव्याने झाली. तिला वाटलं होतं, मिळेल ती चालेल. पण पांडीने "आच्चीला हिरवी हवीय" असा निरोप पोचवला, वेल्लैसामीने नमुन्याची लादी केली, पांडीने ती 'चेन्नईला पाठवायला' म्हणून नेली आणि पेच्चीने ती घरामागे गवताच्या गंजीआड उन्हात धरून पाहिली, तेव्हा तिच्या तोंडून सरळ निघालं, "हा हिरवा नाही."

"अक्का, हिरवाच तर आहे."

"हा शेवाळाचा. पाय घसरेल असं वाटतं बघूनच. मला चिंचेला पहिली पालवी फुटते तो हवा."

दुसरा नमुना आला. तो पोपटी निघाला. तिसरा जरा करपट. इतकी वर्षं दुसऱ्यांचे रंग उचलता उचलता आपल्या मनात एक रंग असा ठाण मांडून बसलाय, हे तिला माहीतच नव्हतं. मध्ये तो हिरवा, कडेला विटकरी तांबडी पट्टी आणि तिच्यात पांढरी चांदणी. कमळ नको. कमळांनी तिचे हात भरून आले होते.

घरी मात्र जेवताना ऐकून घ्यावं लागे.

"म्हातारी छळतेय," वेल्लैसामी ताटावर बसला की सुरू करायचा. "तीन नमुने परत! ऐकू येत नाही म्हणे, पण दिसतं बरं सगळं!"

"मग सोडा ऑर्डर," पेच्ची मुद्दाम म्हणायची.

"विडा घेतलाय ना." तो घास हातातच धरून बसायचा. "पण एक सांगू? बाईचं बरोबर आहे. पहिला हिरवा खरंच मेलेला होता. दुसऱ्या कुणी काही म्हटलं नसतं. नजर आहे बाईला."

हे ऐकून पेच्चीला आनंद व्हावा की नाही? झाला. पण त्याच्या मागोमाग भलताच राग आला. आमटीत मीठ कमी पडलं तर यांना कळतं, लुगडं नवं नेसलं तर कळत नाही, आणि कधी न पाहिलेल्या देवकोट्टैच्या म्हातारीच्या नजरेचं हे कौतुक! ती उठून ताक आणायला गेली आणि तिकडेच जरा वेळ उभी राहिली. स्वतःचाच मत्सर करायची पाळी कुणावर येऊ नये.

चौथा नमुना जमला. पेच्चीने तो गंजीआड उन्हात धरला, जवळून पाहिला, लांबून पाहिला. पांडी म्हणाला, "हा पण नाही?" तर ती म्हणाली, "गप. बघू दे."

मग मापांची वेळ आली. खोली न बघता वेल्लैसामी लाद्या करत नसे. उजेड कुठून येतो, जमीन कुठे कलती आहे, सगळं त्याला डोळ्यांनी पाहायचं असे. पांडीला घाम फुटला. घराला कुलूप आहे, किल्ली चेन्नईला आहे, असं त्याने कसंबसं सांगितलं आणि पेच्चीने शिकवलं होतं ते घडाघडा म्हणून दाखवलं. खिडकी पूर्वेला. उंबऱ्यापाशी जमीन कलती. आतल्या कोपऱ्यात जमिनीत बसवलेला पाटा आहे, तो हलत नाही, त्याच्याभोवतीच्या लाद्या कापाव्या लागतील.

"आमच्याकडे पण आहे तसा पाटा," वेल्लैसामी म्हणाला. "जुन्या घरांत असतातच."

पेच्चीने टाकीत तोंड घातल्यासारखी मान खाली केली.

लाद्या झाल्या. पाण्यात मुरल्या, वाळल्या, काचा सुटल्या. सगळा ढीग छपराखाली उभा राहिला तेव्हा शेजारच्या कारखान्यातली माणसंसुद्धा बघून गेली. आणि नेमका त्याच दिवशी कारैक्कुडीच्या रस्त्यावर हॉटेल बांधणारा एक माणूस गाडीतून उतरला. तांबड्या लाद्या बघायला आला होता. हिरव्यापाशी थांबला आणि तिथून हललाच नाही.

"ही मला द्या. असतील तेवढ्या सगळ्या, आणि अशाच आणखी पुढे."

"त्या लागलेल्या आहेत, साहेब."

"कुणाच्या? त्यांना पुढच्या महिन्यात करून द्या. मी आज उचलतो, रक्कमही आजच."

पेच्ची हातात ओली लादी घेऊन तशीच उभी राहिली. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. आत्ता पुढे होऊन 'अहो, ती आपल्या घरची आहे' म्हणाली, तर तो हसून म्हणेल, घरचंच तर आहे, कधीही करू. हिरवा ढीग हॉटेलात जाईल, तेनमोळी खड्ड्यांत बाळंत होईल आणि रासात्ती वर्तमानपत्र घेऊन येईल. तेव्हा तोंडात मूग धरून उभं राहायचं, आणि आता देवकोट्टैच्या आच्चीनेच आपल्याला वाचवायचं.

वेल्लैसामीने ढिगाकडे पाहिलं. हॉटेलवाल्याकडे पाहिलं. त्याला मोह झाला हे पेच्चीला लांबून दिसलं.

"नाही जमणार," तो म्हणाला. "विडा घेतलाय. बाई लांब राहते, मी करीन म्हणून भरवशावर आहे. तिच्या लाद्या तुम्हाला दिल्या तर हे हात कुठे धुऊ?"

हॉटेलवाला तोंड वाकडं करून निघून गेला. पेच्चीचा जीव भांड्यात पडला. पण भांड्यात नीट बसायच्या आतच तिला दुसरी धास्ती लागली. जी म्हातारी जगातच नाही तिच्यासाठी याने एवढं गिऱ्हाईक परत पाठवलं. आता हे कळेल तेव्हा काय? हसेल? की चार माणसांत वेडा बनवलं म्हणून बोलणंच टाकेल? वेल्लैसामी ओरडत नसे. तो गप्प बसे, आणि त्याचं गप्प बसणं भिंतींनाही जड व्हायचं.

किल्ली आल्याचं पांडीने सांगितलं आणि लाद्या गाडीत चढल्या, त्या सकाळी पेच्ची डोकं दुखतं म्हणून घरी राहिली. तिने खोली रिकामी केली. पेटी, हांडे, गाद्या सगळं मागच्या अंगणात नेलं. सगळं झाडून घेतलं. ताटात हळद-कुंकू आणि कापूर ठेवला. कारण पहिली लादी वेल्लैसामी स्वतः बसवत असे, आणि तिला हळद लावायची ती घरच्या बाईने. एवढं करून ती ताट घेऊन दारात उभी राहिली.

छोटा हत्ती गल्लीत वळला. दारासमोर थांबला.

"इथं का थांबवलीस रे?" गाडीतून आवाज आला. "परत पाणी?"

पांडी उतरला आणि चाकाशी उकिडवा बसला, जणू चाकाला पहिल्यांदाच बघतोय. वेल्लैसामी दुसऱ्या बाजूने उतरला. त्याला बायको दिसली. तिच्या हातातलं ताट दिसलं. तिच्या खांद्यावरून आत रिकामी खोली दिसली, आणि कोपऱ्यात एकटा पाटा.

तो उंबऱ्यापर्यंत आला. पाट्याकडे बघत राहिला.

"कोपऱ्यात पाटा," तो हळूच म्हणाला.

"हो."

"खिडकी पूर्वेला."

"हो."

त्याने पायाने उंबऱ्यापाशी चाचपलं. "इथं कलती."

"हो."

"आणि आच्ची?"

"आच्ची नाही कुणी. मीच."

वेल्लैसामी बाहेरच्या ओट्यावर बसला. खांद्यावरचा पंचा काढून हातात पिळू लागला. पेच्चीला ते सहन होईना, तिचा बांध फुटला. "काय करू मग? घरची म्हणून मागितली तर पंचवीस पोंगल गेले. गिऱ्हाईक झाले तर चार नमुने केलेत माझ्यासाठी! चार! बायको म्हणून एक तरी केला होतात का? ती रासात्ती कागद पसरून बसली, माझ्या पोरीने मान खाली घातली, तुम्ही कुळंबू ओढत बसलात. शेळीची पिल्लं विकलीत मी. खोटं बोलले, पांडीला बोलायला लावलं, ते चुकलं. पण मला ही फरशी हवी होती हो. मला हवी होती."

शेवटचं वाक्य बोलल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. लेकीसाठी, विहिणीसाठी, येणाऱ्या बाळासाठी असं ती इतके दिवस स्वतःलाही सांगत आली होती.

गल्लीत दोन बायका घागरी घेऊन थांबल्या होत्या. पांडी चाकाला सोडून आता गाडीच्या पलीकडे गेला होता.

"मी त्या हॉटेलवाल्याला परत पाठवलं," वेल्लैसामी म्हणाला.

"माहीत आहे. मी तिथंच होते."

"तेव्हा मला सांगितलं असतंस तर..."

"तर त्याला देऊन टाकल्या असत्या."

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. पंच्याने मान पुसली.

"दिल्या असत्या," तो म्हणाला.

तो उठला. पेच्चीला वाटलं, चालला आता कुठेतरी, येईल दोन दिवसांनी. पण तो रांजणापाशी गेला, पाय धुतले, हात कोपरापर्यंत धुतले. मग गाडीकडे वळून ओरडला, "पांड्या! चाकात काय जीव अडकलाय तुझा? लाद्या उतरव. कडा आपटल्यास तर बघ!"

पांडी इतक्या आनंदाने कधी कामाला लागला नव्हता.

वाळू-सिमेंटचा थर पसरला, दोरी ताणली. पहिली लादी हातात घेऊन वेल्लैसामी थांबला आणि गिऱ्हाइकाशी बोलताना काढतो त्या मऊ, अदबीच्या आवाजात म्हणाला, "कुठून सुरुवात करू, आच्ची? उंबऱ्यापासून की खिडकीपासून?"

पेच्चीला आधी हसू आलं, मग रडू, आणि मग दोन्ही एकदमच. "खिडकीपासून," तिने सांगितलं. "पाळणा तिथं टांगायचाय." तिने लादीला हळदीचं बोट लावलं. हसता-रडता ते जरा फरपटलं. वेल्लैसामीने ते पुसलं नाही.

काम दुसऱ्या दिवशी संपलं. थर घट्ट झाल्यावर भाताच्या तुसाने जमीन घासून झाली, खोबरेल तेलाचा हात फिरला आणि हिरवा असा वर आला की खिडकीतून चिंच आत वाकल्यासारखं वाटलं. मग वेल्लैसामीने प्रत्येक गिऱ्हाइकाला देतो ते व्याख्यान तिलाही दिलं, एक शब्द न गाळता. ॲसिड नको, फिनेल नको. चिंचेचं, लिंबाचं सांडलं तर तिथल्या तिथं पुसायचं, नाहीतर रंग खाल्ला म्हणून समज. पुसायच्या पाण्यात थेंबभर तेल. चटया अंथरून झाकून ठेवायची नाही, पाय पडले तरच ती चमकते. पेच्चीने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं. पण तिने मान डोलावत, मध्ये न बोलता, सगळं ऐकून घेतलं. ते आपल्याला उद्देशून ऐकताना फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी दोघं उंबऱ्यावर बसली. आप्प्यांसारखे पणियारम केले होते, ताट मध्ये होतं. आत फरशीवर उजेडाची शेवटची पट्टी पडली होती आणि बघून बघून दोघांचं पोट भरत नव्हतं. पेच्चीच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. आता तेनमोळी उद्या आली तरी चालेल, रासात्ती तर आजच आली तरी चालेल. कागद मात्र घरी ठेवून ये म्हणावं.

"मला एक कळत नाही," वेल्लैसामी म्हणाला. "हा असा हिरवा तुझ्या मनात होता, तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलत नव्हते? रोज बोलत होते."

"फरशी करा म्हणायचीस. कुठली ते नाही." त्याने पणियारमचा तुकडा मोडला. "खरं सांगू? दोन-तीनदा मी साचा काढून बसलो होतो, आपल्या घरासाठी म्हणून. लोकांना सांगतो हे घ्या, ते घ्या. घरच्याला काय करावं, सुचायचंच नाही. मग ठेवून द्यायचो."

"मग मला विचारलंत का, पेच्ची, तुला कुठली हवी?"

वेल्लैसामीने विचार केला. खरोखरच आठवून पाहिलं, पंचवीस वर्षं उलटीसुलटी करून पाहिली.

"नाही," तो म्हणाला.

पेच्चीने शेवटचा पणियारम त्याच्यापुढे सरकवला. शेजारी कुणीतरी नळाखाली घागर लावली. मग वेल्लैसामीने घसा साफ केला, आणि नव्या गिऱ्हाइकासमोर अवघडून बसावं तसा पंचा मांडीवर सारखा केला.

"स्वयंपाकघरात," त्याने विचारलं, "तुला कुठली हवी?"